दुहेरी गाठ

“रडलं का गं? कुणीतरी सांगा ना मला, रडलं का?”

सदतीस वर्षांपूर्वी, एका भर दुपारी, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीतला तो आवाज. बाळंतिणीला उठून बसण्याचं त्राण नव्हतं, मान वळवण्याचंही नव्हतं. ती नुसती छपराकडे बघून विचारत होती. सुईण पाठमोरी बसली होती. मांडीवरच्या निळसर जिवाला पालथं घालून ती पाठीवर थापट्या मारत होती, उताणं करून तोंडात फुंकर घालत होती. उत्तर मात्र देत नव्हती. सुईणीचं उत्तर म्हणजे बाळाचं रडणं. तेच नसेल तर तिनं कुठल्या तोंडानं बोलायचं?

आता सुईण अठ्ठ्याहत्तरीला आली होती. हात थरथरायचे, डाव्या डोळ्यावर पडदा आला होता, जिना चढताना दर चार पायऱ्यांना ती कठड्याला धरून उभी राहायची. पण कान शाबूत होते, आणि कानांहून शाबूत आठवण. वस्तीत तिला सगळे मावशी म्हणायचे. विशीच्या पुढचं आणि पन्नाशीच्या आतलं अर्धंअधिक माणूस तिच्या हातांवर उतरलेलं. कोपऱ्यावरचा शिंपी तिला बघितलं की दुकानातूनच हात जोडायचा.

“मावशी, गिऱ्हाइकांपुढे सांगू नका बरं, मी पायाकडून आलो ते.”

“मी कशाला सांगू? तू शिवलेला सदरा घातला की माणसाला कळतंच, उलटं डोकं कुणाचं ते.”

सगळे हसायचे. मावशीही हसायची. पण त्या वर्षी वस्तीतलं हसू आटत चाललं होतं.

सरकारनं नागरिकांची पडताळणी काढली होती. आपण इथलेच आहोत हे ज्यानं त्यानं दाखवायचं. दवाखान्यात जन्मलेल्यांकडे दाखले होते. या वस्तीत मात्र बाळंतपणं घरात झालेली. इथल्या माणसाकडे पुरावा एकच, नगरपालिकेच्या जन्मनोंद वहीतली एक ओळ. आणि त्या ओळी लिहिल्या गेल्या होत्या मावशीच्या तोंडून.

मावशीला अक्षरओळख नव्हती. ज्या म्हातारीच्या हाताखाली ती हे काम शिकली, तिलाही नव्हती. म्हातारीनं तिला दोरा दिला होता. महिन्याला एक नवा दोरा, कमरेला खोचून ठेवायचा. मूल जिवंत झालं की एक गाठ. मेलेलं झालं की गाठीवर गाठ, दुहेरी. महिना संपला की नगरपालिकेत जायचं आणि कारकुनासमोर उभं राहून दोरा बोटांतून सरकवायचा. गाठ बोटाला लागली की घर, आई, बाप, वार, वेळ, सगळं आपोआप जिभेवर यायचं. आंधळा जसा भिंत चाचपत घरी पोचतो, तसं. कारकून लिहीत जाई. अशी चारशे बारा माणसं मावशी बोटांनी बोलली होती.

म्हातारीनं एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. “पोरी, बांधलेली गाठ सोडायची नाही. एक सोडलीस की उरलेल्या गाठींवर कोण भरवसा ठेवील?”

म्हातारीनं एक गाणंही दिलं होतं. मूल पहिल्यांदा न्हाऊ घालताना म्हणायचं.

*पहिलं गं रडू*
*दारावरली थाप*
*आत घेती मायबाप*
*पाहुण्याला*

मायबाप आत घेतात, हे खरंच. पण मायबापांच्या दाराबाहेर आणखी एक दार असतं, तिथंही थाप मारावी लागते, आणि तिथं आत कोण बसलेलं असतं ते दिसत नाही, हे म्हातारीच्या गाण्यात नव्हतं.

पाटीवाली आली तेव्हा मावशी दारात बसून पायांना तेल चोळत होती. पाटीवाली म्हणजे दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवणारी. सदतीस वर्षांची, एकटी, नखांच्या कडांना कायम निळा नाहीतर लाल रंग. वस्तीत सगळे मावशीला अहो-जाहो करायचे. ही एकटी लहानपणापासून अगं-तुगं.

“मावशी, ऐक, गंमत सांगते,” ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. हातात घडी घातलेला कागद होता. “मी मेले.”

“वाईट बोलू नये.”

“मी कुठं बोलते? सरकार बोलतंय. वहीत लिहिलंय म्हणे, अमक्या वर्षी, अमक्या तारखेला, या आईला या बापापासून झालेली मुलगी, मृत. दुसरं मूल त्यांना कधी झालंच नाही. मग साहेब विचारतो, बाई, तुम्ही कोण?” ती हसली. “म्हटलं, साहेब, हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही काय समोर उभी आहे. मेलेल्या बाईला चार वेळा मतदानाच्या रांगेत उभं केलंत, तेव्हा नाही नाकाला वास आला? तर म्हणतो, उभं कुणीही राहू शकतं. कुठून तरी आलात आणि मेलेल्या मुलीची जागा घेतलीत, असं दिसतंय.”

मावशीचा हात तेलाच्या वाटीत तसाच राहिला.

“त्या कचेरीची पाटीसुद्धा मीच रंगवलीय गं. नागरिक पडताळणी कक्ष. ‘क्ष’ नीट येईना म्हणून दोनदा पुसला.” तिचं हसू आता ओठांवर टिकेना. “गुरुवारी सुनावणी आहे. आई-बाप वर गेले. तेव्हाची शेजारीणपाजारीण कुणी उरली नाही. तूच तेवढी उरलीस. मला न्हाऊ-माखू घातलंस ना तू? तेवढं सांगशील? नाहीतर छावणीत पाठवतात. तिथून पुढं कुठं पाठवतात, ते त्यांनाही माहीत नसतं.”

“सांगेन,” मावशी म्हणाली. पण हा शब्द तिच्या तोंडून इतका हळू आला की तो पाटीवालीला ऐकू गेला की नाही, कोण जाणे.

कारण मावशीला सगळं आठवत होतं.

त्या दुपारी मूल रडलंच नाही. बराच वेळ झाला, रडलं नाही. बाहेर दोन गल्ल्या पलीकडून एक नवरा धावत येऊन उभा होता. त्याच्या बायकोचं पाणी फुटलं होतं. मावशीनं त्या निळ्या जिवाला फडक्यात गुंडाळून म्हाताऱ्या शेजारणीच्या हाती दिलं, कमरेचा दोरा काढला, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली आणि ती निघाली. बाळंतीण अजून विचारतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा बाप हसत दारात. “मावशी, तुमची पाठ वळली आणि रडली की हो! अशी रडली की पत्रे हलले!” मावशी धावत गेली होती. पुढचे दहा दिवस तिनंच त्या पोरीला न्हाऊ घातलं होतं, मांडीवर घेऊन, गाणं म्हणत.

दोऱ्यात मात्र गाठ दुहेरीच राहिली. सोडायची नाही, असा नेम. मावशीनं ठरवलं, तोंडानं सांगू.

महिनाअखेरीला ती नगरपालिकेत गेली तेव्हा कारकून घुश्श्यात होता. आधीच्या महिन्यात एका वारावर तिची जीभ घसरली होती आणि त्याला खाडाखोड करावी लागली होती. “शिकलेल्या नर्सबाई येणार आहेत आता,” तो म्हणाला. “आणखी एक चूक झाली की तुमचा परवाना रद्द. चला, सांगा भराभरा.” मावशी दोरा सरकवू लागली. बोटं पुढं, जीभ मागं. दुहेरी गाठ बोटाला लागली आणि जिभेनं सवयीनं म्हटलं, मुलगी, मेलेली. कारकुनानं लिहिलं. पुढची गाठ. पुढची.

इथवर आठवलं की मावशी आठवायचं थांबवायची. सदतीस वर्षं ती इथंच थांबत आली होती.

दुसऱ्या दिवशी दफ्तरखान्यातला कारकून वाट वाकडी करून मावशीकडे आला. हा आताचा, पन्नाशीचा. तोही तिच्याच हातचा. खुर्ची दिली तरी बसेना.

“मावशी, मी आलो होतो हे कुठं बोलू नका. साक्षीला बोलावलंय ना तुम्हाला? मग नियम समजून घ्या. नोंद सांगणाऱ्याची आठवण एका ठिकाणी चुकली असं कागदावर आलं, की त्यानं सांगितलेल्या सगळ्याच नोंदी फेरतपासाला जातात. सगळ्या. माझीसुद्धा.”

“चारशे बारा,” मावशी म्हणाली.

“तेवढ्या. आणि फेरतपास म्हणजे काय, दुसरा पुरावा आणा. आहे कुणाकडे? मी सांगत नाही तुम्हाला काय बोलायचं ते. मी आपला कागदाचा माणूस.” त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं. आत मावशीची नात आरशासमोर वेणी घालत होती. “पोरीबाळींचा विचार करा, एवढंच.”

तो कुठं बोलू नका म्हणाला होता, पण संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. भिंतींना कान असतात. या वस्तीतल्या भिंतींना तोंडंही होती. एक-एक जण येऊ लागला. कुणी उघड काही बोलेना. तब्येत विचारायची, गुडघे विचारायचे, आणि उठताना म्हणायचं, “बाकी तुम्ही जाणत्या आहात, मावशी.” शिंपी मात्र सरळ बोलला.

“पोरगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. माझ्या दुकानाची पाटी तिचीच. पण सुक्याबरोबर ओलंही जाळायचं का? एकीसाठी चारशे घरं?”

“ती सुकी आणि तू ओला, हे कुणी ठरवलं रे?”

“वहीनं ठरवलं,” शिंपी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. “माझ्या धाकटीला अजून दात येतायत, मावशी.”

ज्याला जगात ओढून आणायला तिनं एक अख्खी सकाळ घाम गाळला होता, तो आता तिच्यापुढे भिऊन उभा होता, आणि तिलाच भीत होता.

रात्रीचं जेवण झाल्यावर लेकीनं ताटं उचलता उचलता विषय काढला. लेक पंचेचाळिशीची, नवऱ्याविना दोन मुलं वाढवलेली. दोन्ही मुलं मावशीच्याच हातांवर झालेली, दोन्हींची ओळ त्याच वहीत.

“आई, तू काहीच म्हणू नकोस. आठवत नाही, एवढंच म्हण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कोण बोल लावणार?”

“आणि ती?”

“तिच्यासाठी मलाही वाईट वाटतं. लहान असताना माझ्या वेण्यांना रंग लावायची ती.” लेकीनं ताटं आपटली. “पण माझ्या पोरांना छावणीत जाताना बघायचं का मी? तू त्यांची आजी आहेस की जगाची?”

लेकीला वाटत होतं, आई चुकीबद्दल विचार करतेय. मावशी मात्र दुसऱ्याच गोष्टीशी झुंजत होती, जी तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती, लेकीलाही नाही. एवढीशी गोष्ट. तांदळाच्या दाण्याएवढी. पण दाणा डोळ्यात गेला की डोळा काही दाणा केवढा हे विचारत नाही.

गुरुवारी सकाळी लेकच तिला घेऊन गेली. कचेरीच्या दारावर पाटी होती, पांढऱ्यावर निळी, अक्षरं एकसारखी. आत लांब बाकं, बाकांवर माणसं, माणसांच्या मांडीवर पिशव्या, पिशव्यांत कागद. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दवाखान्यात निदान माणसं एकमेकांना विचारतात, तुम्हाला काय झालंय. इथं सगळ्यांचा आजार एकच, आणि प्रत्येकाला तो शेजाऱ्याकडून लागेल अशी धास्ती.

पाटीवाली आधीच आली होती. नखं घासून घासून लाल केली होती, तरी कडेला निळं उरलंच होतं. मावशीला बघून ती उठली आणि तिनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

साहेब तिशीतला होता, परगावचा. आवाज चढवणारा नव्हता. टेबलावर काच, काचेखाली नियमांचा तक्ता, बाजूला शिक्क्याची डबी. भिंतीकडे दफ्तरखान्यातला कारकून वही उघडून उभा होता. तो मावशीकडे बघत नव्हता.

“आजी, सावकाश सांगा. या बाईंचा जन्म तुमच्या हातून झाला?”

मावशीचे ओठ हलले. मागं लेकीचा श्वास तिला ऐकू येत होता.

“आजी?”

“आठवत नाही,” मावशी म्हणाली.

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. कारकुनानं वहीचं पान उगाच सारखं केलं. साहेबानं मान डोलावली. त्याला हे उत्तर रोजचंच असावं.

“नीट आठवून बघा. पुन्हा बोलावणं होणार नाही.”

“आठवत नाही हो.”

साहेब पाटीवालीकडे वळला. “तुम्हाला काही विचारायचंय साक्षीदाराला? तो हक्क आहे तुम्हाला. आज तरी आहे.”

पाटीवाली उभी राहिली. ती रडेल, ओरडेल, खांदे धरून हलवेल, याची मावशीनं तयारी केली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पाटीवालीनं नुसतं मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग तिच्या मागं उभ्या असलेल्या लेकीकडे. तिला सगळं समजलं होतं. ती वस्तीतलीच होती. तिच्याही भिंतींना कान होते.

“नाही, साहेब,” ती म्हणाली. “राहू द्या. वय झालंय तिचं. तिला फार वेळ बसवू नका, गुडघे धरतात.” आणि मावशीजवळ वाकून, हळूच, “घरी जा हं तू. माझे ब्रश शिंपीमामाकडे ठेवलेत. तुझ्या नातीचं अक्षर चांगलं आहे, तिला दे.”

साहेब लिहू लागला होता. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होता, “साक्षीदारास स्मरत नाही. सबब वहीतील नोंद कायम.” त्यानं कागद फिरवून मावशीपुढे सरकवला, शिक्क्याची डबी उघडली. “अंगठा.”

मावशीनं अंगठा पुढं केला. शाई लागली. अंगठा कागदावर टेकायचा तेवढा उरला. चारशे बारा वेळा तिनं नगरपालिकेला माणूस दिला होता, आणि आता इथं बसून एक परत घेत होती.

“साहेब, चूक आहे ती नोंद,” ती म्हणाली.

“आई!” लेकीनं खांदा दाबला.

“चूक आहे. ही जिवंत होती. मी दहा दिवस न्हाऊ घातलंय हिला.”

साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग दुसरा एक छापील कागद काढला. “आजी, हे नीट ऐका. इथं दोन रकाने आहेत. नोंद चुकीची सांगितली गेली असेल, तर ती विस्मरणानं की जाणूनबुजून, हे मला लिहावं लागतं. विस्मरण असेल तर तुमच्या तोंडच्या सगळ्या नोंदी फेरतपासाला पाठवायच्या. जाणूनबुजून असेल तर बाकी नोंदी राहतात, कारण स्मरणशक्तीचा प्रश्न येत नाही. पण मग खटला तुमच्यावर. सरकारी वहीत जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याचं नागरिकत्वच तपासाखाली जातं. तुमचं.” त्यानं वहीकडे बोट दाखवलं. “तुम्ही दोरा बघून सांगायचात, असं इथं लिहिलंय. बोट चुकलं, जीभ घसरली, होतं माणसाचं. मी विस्मरण लिहू का?”

त्याला दया दाखवायची होती. ती दया चारशे अकरा घरांवर पडणार होती.

लेक रडत होती. कारकून आता पहिल्यांदा मावशीकडे बघत होता. पाटीवाली मान हलवत होती, नको, नको. मावशीनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, उजव्या डोळ्यानं, कारण डाव्यात कुणीच दिसत नव्हतं. मग खुर्चीचे हात धरून ती उठून उभी राहिली.

“विस्मरण लिहू नका, साहेब. माझी आठवण चुकत नाही. वही उघडीच आहे, कुठलंही पान काढा आणि विचारा, कोण कुठल्या खोलीत झालं, डोक्याकडून की पायाकडून, सगळं सांगते. त्या दिवशी जीभ घसरली, ते खरं. पण मला ते घरी जाऊन कळलं नाही, की वर्षांनी कळलं नाही. नगरपालिकेच्या पायऱ्या उतरता उतरताच कळलं. कठड्याला हात लावला आणि कळलं, अरे, ती तर रडली होती. कारकून अजून वर बसलेला होता, वही उघडी होती, शाई ओली असेल. दहा पायऱ्या चढायच्या होत्या. तेव्हा गुडघेही दुखत नव्हते माझे. मी चढले नाही. परवाना जाईल म्हणून भ्यायले, आणि म्हटलं, मेलेल्या पोरीची ओळ कोण वाचायला येतंय. घरी गेले आणि त्याच संध्याकाळी हिला न्हाऊ घातलं. मला माहीत होतं, साहेब. न्हाऊ घालताना माहीत होतं, आणि सदतीस वर्षं ही दारावरून जायची तेव्हा रोज माहीत होतं. जाणूनबुजून लिहा.”